हिरव्या शाईचं भांडण

सरस्वती ही शांत स्वभावाची देवी आहे असं म्हणतात. म्हणणारे आमच्या गल्लीत राहत नाहीत. आमच्या गल्लीच्या क्लबाच्या पूजेत, पुरोहित आलेला नसताना, सगळ्यांच्या देखत देवीच्या पायाशी ठेवलेलं पुस्तक ओढून काढणारी बाई म्हणून उत्तर कोलकात्यात जिचं नाव झालं आहे, ती मी. हाजरांच्या घरची बनानी. अजूनही मी भाजी घ्यायला निघाले की ओट्यावरच्या बायका आवाज खाली आणतात. खुशाल आणाव्यात. मला त्याची लाज वाटत असती तर ही हकिकत सांगायला बसलेच नसते.

माझा एम.ए.चा एकच पेपर राहिला होता. साहित्यविश्लेषण. बाकीचे सगळे मी सासूबाईंची औषधं सांभाळून, स्वयंपाक सांभाळून आणि आमच्या ह्यांचं निवृत्तीनंतरचं दिवसभर घरात असणं सांभाळून सोडवले होते. हा एक मात्र दर वर्षी आडवा यायचा. या खेपेला सुटला नाही तर नोंदणीची मुदत संपणार, आणि सुटलेले पेपरही त्याच्याबरोबर पाण्यात जाणार, असं विद्यापीठाने कळवलं होतं. समोरच्या घरातले हाबुलदा रोज सकाळी दात घासत आपल्या या वहिनीला, म्हणजे बौदीला, विचारायचे, "काय बौदी, एम.ए. झालात की आम्ही उठून उभं राहायचं का?" मी म्हणायचे, "आत्तापासून सवय करा, गुडघे धरलेत तुमचे."

आता विद्यापीठाला कुठून दया आली कोण जाणे, पण त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की या पेपरला पाठ्यपुस्तक सोबत आणायला हरकत नाही. मी आनंदाने उडालेच. खाली बारीक अक्षरात होतं: 'मात्र पुस्तकात हाताने लिहिलेला कोणताही मजकूर असता कामा नये.' हे ज्याने ठरवलं त्याने ते पुस्तक आयुष्यात पाहिलेलं नसणार.

कारण ते पुस्तक छापायचं बंद होऊन जमाना झाला. मिळतं ते फक्त कॉलेज स्ट्रीटच्या कठड्यांवरच्या जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांत. मी टपरी टपरी पालथी घातली. शेवटी एकाने गठ्ठ्याच्या तळातून एक वीट काढून माझ्या हातात दिली. मुखपृष्ठ नव्हतं. पाठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. पानं उलटली तर समासात मुंग्यांची वारुळं फुटावीत तसं लिखाण.

"कोरी प्रत नाही का हो?" मी विचारलं.

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी मासळीवाल्याकडे बिनकाट्याचा इलिश मागितला. "कोरी? बौदी, हे पुस्तक आजवर कोणी न लिहिता वाचलेलं नाही. न लिहिता जी प्रत राहिली असेल, ती कोणी वाचलेलीच नसणार. ती शोधायची तर ग्रंथकर्त्याच्या घरी जा."

ग्रंथकर्ते कधीच वारले होते. मी वीट घेतली.

आधी म्हटलं, निदान रेघा तरी चालतात का, एवढं विचारून घ्यावं. म्हणून अभ्यासकेंद्राच्या कार्यालयात गेले. खिडकीतला कारकून मुडीच्या, म्हणजे मुरमुऱ्यांच्या, पुडीतून एकेक शेंगदाणा वेचून खात होता.

"ओळीखाली मारलेली रेघ हे लेखन धरायचं का?" मी विचारलं.

त्याने शेंगदाणा थांबवला. "कसली रेघ? सरळ की वाकडी?"

"दोन्ही."

"दीदी, हा धोरणाचा प्रश्न आहे. अर्ज द्या. वर जाईल."

"आणि उत्तर?"

"वरून खाली येईल."

"परीक्षेच्या आधी?"

त्याने फार करुणेने पुडी माझ्यापुढे केली. मी अर्ज दिला आणि घरी येऊन खोडरबर घेतला.

पण खोडायचं म्हणजे आधी वाचावं लागतं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पुस्तकाला माझ्याआधी तीन मालक होऊन गेले होते. पहिला पेन्सिलवाला. भारी आज्ञाधारक. त्याने प्रत्येक ओळीखाली रेघ मारली होती, त्यामुळे कुठलीच ओळ महत्त्वाची राहिली नव्हती. दुसरा लाल शाईवाला. 'येणार', 'नक्की येणार', 'गेल्या वर्षी आला, यंदा नाही' एवढाच त्याचा साहित्याशी संबंध. आणि तिसरी हिरवी शाई. ही हिरवी शाई ग्रंथकर्त्याशी पानोपानी भांडत होती. ग्रंथकर्त्याने 'निर्विवाद' म्हटलं की समासात 'मी वाद घालते आहे ना?' ग्रंथकर्त्याने 'सुज्ञ वाचकास सांगणे न लगे' म्हटलं की 'सांगा. मी बसले आहे.' आणि जागोजागी एकच शब्द: 'कशावरून?'

बाई होती, एवढं तिच्या क्रियापदांवरून कळत होतं. आणखी काही नाही. नाव नाही, गाव नाही. पण खरं सांगते, मला ती बाई फार आवडली. इतकी वर्षं मी या पुस्तकाचं गाइड आवंढा गिळून पाठ करत होते, आणि दर वर्षी नापास होत होते. ग्रंथकर्त्याला उलटं विचारता येतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पेन्सिल खोडून झाली. लाल शाई मात्र हटेना. तेव्हा गल्ली मदतीला आली.

सासूबाई म्हणाल्या, लिंबू. माझ्या नणंदेने फोनवरून सांगितलं, शिळ्या पावाचा गर. त्या पावाच्या गराने मुंग्या तेवढ्या आल्या. शेवटी हाबुलदा आले. हाबुलदा एका प्रयोगशाळेच्या कोठारात नोकरीला होते. काम बाटल्या मोजायचं, पण बोलणं असं की बाटल्यांतलं सगळं त्यांनीच शोधलं. बगलेत एक निळसर बाटली घेऊन ते आले आणि म्हणाले, "बौदी, हे लावा. शाई म्हणून राहायची नाही."

"छपाईला काही होणार नाही ना?"

"छपाई वेगळी, शाई वेगळी. शास्त्र आहे हे."

आमचे हे, म्हणजे प्रभातबाबू, कापसाचा बोळा घेऊन बसले. हे मदत करायला बसले की मी एरवी उठून जाते. त्या दिवशी बसून राहिले, ही माझी चूक. लाल शाई गेली, हे हाबुलदांच्या वतीने मान्य करते. पण एका पानावर ह्यांनी बोळा जरा प्रेमाने फिरवला आणि वाळल्यावर पाहतो तो काय, छापील मजकूर साफ नाहीसा! ग्रंथकर्ते गेले. राहिली फक्त समासातली हिरवी शाई, पहिल्यापेक्षा ठळक: 'कशावरून? माझी आजी रडली ते काय चुकून?'

"शास्त्र," हाबुलदा बाटलीकडे बघत म्हणाले आणि चहाला न थांबता गेले.

ग्रंथकर्त्याने त्या पानावर काय म्हटलं होतं कोण जाणे. पण उत्तर पटलं मला. आमच्या सासूबाईंना मी दुपारी शारदीय अंकातल्या कथा वाचून दाखवते. त्या रडतात, पण भलत्याच जागी. नायिका मेली तर जांभई देतात, आणि 'चुलीवर डाळ उकळत होती' अशा वाक्याला पदर डोळ्याला लावतात. मी पूर्वी हसायचे. त्या दिवशी नाही हसले.

आणि तिथेच मी ठरवलं, हिरवी शाई खोडायची नाही. विद्यापीठाने काय करायचं ते करावं.

"अगं, पण नियम आहे!" हे म्हणाले.

"असू दे. तिला मी पुसणार नाही. बघते कोण मला बाहेर काढतं ते."

"काढतील ना. सहज काढतील," हे म्हणाले. ह्यांचा माझ्यावर फार विश्वास.

परीक्षा नेमकी सरस्वतीपूजेच्या दुसऱ्या दिवशी होती. ज्याने हे वेळापत्रक केलं त्याला आई नसावी. पूजेच्या दिवशी बंगाल्याच्या पोराने पुस्तक उघडायचं नसतं, आणि दुसऱ्या दिवशी शीतलषष्ठी, म्हणजे घरात चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी उकडलेल्या अख्ख्या भाज्या थंडगार खायच्या. थंड बटाटा खाऊन साहित्याचं विश्लेषण करायचं, असा एकूण बेत होता.

पूजेच्या सकाळी मी पिवळी साडी नेसून अंजलीची फुलं काढत होते, तेवढ्यात क्लबाचा चिटणीस टुकाई दारात आला. टुकाई चाळिशीचा आहे, पोट सुटलंय, पण नाव टुकाई ते टुकाईच. देवीच्या पायाशी ठेवायला तो घरोघरची पुस्तकं गोळा करत होता. मी आतून ओरडून सांगितलं, "अहो, त्याला ते जुनं व्याकरण द्या." आणि बाहेर पडले.

पण आमच्याकडे लहानपणापासून एक शहाणपण शिकवलेलं असतं: पूजेला पुस्तक द्यायचं ते सगळ्यात अवघड विषयाचं. एक तर देवी त्यात लक्ष घालते, आणि दुसरं म्हणजे ते दोन दिवस वाचावं लागत नाही. प्रभातबाबू आयुष्यभर गणिताचं पुस्तक देत आले. तेव्हा ह्यांनी मायेने, अगदी मनापासून, माझी वीट टुकाईच्या हातात दिली.

मला हे कळलं संध्याकाळी, खिचडीचं ताट पुढ्यात असताना. "तुझंच काम सोपं केलं," हे म्हणाले. मी ताट बाजूला सारलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वांग्याची भजी सोडून मी कधी उठले नव्हते.

एकदा पायाशी गेलेलं पुस्तक दुसऱ्या दिवशी सकाळी पुरोहित येऊन दधिकर्म करीपर्यंत, दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवून घट हलवीपर्यंत, कोणी हलवायचं नसतं. मग सगळ्यांनी बेलाच्या पानावर दुधात बुडवलेल्या बोरूने देवीचं नाव लिहायचं आणि पुस्तकं परत घ्यायची. म्हटलं, ठीक आहे. पुरोहित सकाळी येईल, परीक्षा दुपारी.

सकाळ उजाडली. मांडवात दही आलं, पोहे आले, पुरोहित आला नाही. फोन बंद. या दोन दिवसांत कोलकात्यात पुरोहित म्हणजे रस्त्यावर पडलेलं सोनं. ज्याला दिसला त्याने रिक्षात घातला. आमचा कुठल्या गल्लीने पळवला होता ते देवीलाच ठाऊक.

"मी आणतो एखादा," असं म्हणून हे छत्री घेऊन निघाले. थोड्या वेळाने खरंच एका धोतर नेसलेल्या, शाल पांघरलेल्या गृहस्थांना हाताला धरून घेऊन आले. "कोपऱ्यावर सापडले. दुसऱ्या क्लबाची माणसं मागे होती, पण मी आधी धरलं!" गृहस्थ घामाघूम झाले होते. टुकाईने त्यांना पाटावर बसवलं, हातात फूल दिलं, तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी विम्याचा एजंट आहे. मेव्हण्याकडे जेवायला निघालो होतो."

मग आले आहेत तर म्हणून त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि हाबुलदांना निवृत्तीनंतरची योजना समजावून सांगायला घेतली.

मी घड्याळाकडे पाहिलं. ह्यापुढे थांबले असते तर पेपर गेलाच होता. मांडवाच्या पायरीवर चप्पल काढली आणि सरळ देवीसमोर गेले.

"बौदी, काय करताय?" टुकाई धावला.

"पुस्तक घेते."

"घट हलला नाही अजून! देवी बसलीय!"

"बसू दे की. मला तिला उठवायचं नाही, मला परीक्षेला बसायचंय."

"बनानी, गल्लीला पाप लागेल!" मागून कोणी तरी ओरडलं. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. माझ्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आणि मला एकदम रागच आला. मी देवीकडे बघून, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आई, बाकीच्यांची पुस्तकं तू सांभाळ, त्यांना तशीही नकोच आहेत. माझं मला हवंय. रागवायचं असेल तर पेपर झाल्यावर रागाव." आणि गठ्ठ्यातून वीट ओढली. वरची भूगोलाची पुस्तकं घसरली, झेंडूची फुलं पायरीवर सांडली. विम्याचे गृहस्थ म्हणाले, "यांचा विमा आहे का?"

परीक्षाकेंद्रावर दारात एक तरुण पर्यवेक्षिका प्रत्येकाचं पुस्तक चाळून बघत होती. हिरवी शाई दिसली की संपलं. मी वीट पुढे केली. तिच्यातून एक पाकळी खाली पडली. पहिल्या पानावर चंदनाचा टिळा होता आणि त्याला बेलाचं पान चिकटलेलं.

मुलीने हात मागे घेतला. "हे पूजेला ठेवलं होतं?"

"हो."

"मग... घट हलला ना?"

"नाही. पुरोहितच आला नाही."

ती दोन पावलं मागे सरली आणि केंद्रप्रमुखांना बोलावून आणलं. सान्यालबाबू म्हणून होते. हातात नियमांचा कागद, कपाळावर कालच्या पूजेचं सुकलेलं गंध. ते गंध दिसलं आणि माझ्या जिवात जीव आला.

"नियमाप्रमाणे पुस्तक उघडून तपासावं लागेल," ते म्हणाले.

"तपासा ना. मी कुठे नको म्हणते?"

त्यांनी हात पुढे केला, मागे घेतला. "देवी उठलेली नसताना तुम्ही हे उचललंत कसं?"

"ते माझं आणि देवीचं आम्ही बघून घेऊ. तुम्ही तुमचं बघा. तुमच्याकडे यंदा कोणी परीक्षेला आहे का?"

सान्यालबाबूंचा आवाज खाली आला. "मुलगी. बारावीला."

"मग उघडा," मी म्हणाले. हा वार जरा कमरेखालचा होता, मला कबूल आहे.

त्यांनी हातातला नियमांचा कागद उलटसुलट केला. मग त्यांचा चेहरा उजळला. असा चेहरा नियम सापडल्यावरच उजळतो. "दीदी, मला उघडता येत नाही, बरोबर. मग तुम्हालाही येत नाही! न तपासलेलं पुस्तक उघडायचं नाही. बाकावर ठेवा. पण उघडलेलं दिसलं, तर आधी मी तपासणार, मग काय व्हायचं ते होवो."

"बाहेर ठेवायला सांगा की, सर," ती मुलगी म्हणाली.

"कुठे? चपलांत?" सान्यालबाबू तिच्यावर ओरडले. "मरायचंय का तुला?"

तर असा मी तो पेपर दिला. सगळ्यांची पुस्तकं उघडी, पानं फडफडतायत, आणि माझं समोर बंद, डोक्यावर बेलाचं पान घेऊन. उघडलं तर हिरवी शाई दिसणार आणि मी बाहेर. न उघडलं तर हातात काही नाही. पोटात थंड बटाटा. डोळ्यांत पाणी आलं होतं, खोटं कशाला बोलू. एवढं सगळं करून शेवटी रिकाम्या हातानेच बसायचं होतं तर देवीशी भांडले कशाला?

प्रश्नपत्रिका आली. पहिलाच प्रश्न: 'कलाकृतीचा खरा अर्थ एकच असतो व तो व्यासंगी समीक्षकासच कळतो, या ग्रंथकर्त्याच्या मताचे विवेचन करा.'

मी दचकले. हेच ते पुसलेलं पान! ग्रंथकर्ते हे म्हणाले होते, म्हणून तिने समासात रडणारी आजी आणली होती तर! त्यांचं विवेचन मला एक अक्षर आठवेना, आठवणार कुठून, ते तर कापसाच्या बोळ्याला लागून गेलं होतं. पण समासातलं उत्तर मला पाठ होतं. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'कशावरून?' आणि मग थांबलेच नाही. सासूबाईंवर लिहिलं, डाळीवर लिहिलं. लिहिलं की माझ्या सासूबाई बालविधवा मावशीच्या हाताखाली वाढल्या, त्या मावशीच्या चुलीवर रोज तीच डाळ उकळायची, आणि लेखकाला माहीत नसलेला अर्थ त्या वाक्यात होता, कारण त्या तो घेऊन आल्या होत्या. 'रडणारा वाचक चुकत नाही,' असं एक वाक्य लिहिलं आणि त्याच्याखाली रेघ मारली. सरळ.

गल्लीत परतले तेव्हा पुरोहित आलेला होता. दुसऱ्या गल्लीने त्याला जेवायला घालूनच सोडलं होतं. टुकाई माझ्याशी बोलला नाही. पण सासूबाईंनी बेलाचं पान आणि बोरू माझ्यासाठी राखून ठेवला होता. "लिही," म्हणाल्या. "तिच्याशी भांडलीस ना, आता नाव लिही तिचं." मी लिहिलं.

निकालात मी पास झाले. काठावर. ह्यांनी गल्लीभर संदेशाची मिठाई वाटली आणि पुस्तक पूजेला देण्याची कल्पना कोणाची होती ते प्रत्येक दारात सांगितलं. हाबुलदा मात्र उठून उभे राहिले, गुडघा धरून. त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं: रेघ हे लेखन मानण्यात येत नाही.

पण काठावर म्हणजे काय? माझा अपमान मी सोडत नाही. उत्तरपत्रिका दाखवा, असा अर्ज केला. तोच कारकून, तीच मुडी. त्याने उत्तरपत्रिका पुढे सरकवली. 'रडणारा वाचक चुकत नाही' या वाक्यापुढे समासात परीक्षकाने लाल शाईत लिहिलं होतं:

'कशावरून?'

आधी माझं डोकं तापलं. मग मी ते पुन्हा वाचलं. आणि काय सांगू, इतका आनंद मला पास झाल्याचाही झाला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाक्याशी कोणी भांडत होतं. मी पिशवीत हात घातला. त्या दिवशी येताना कॉलेज स्ट्रीटवर घेतलेलं हिरवं पेन होतंच.

कारकुनाच्या हातातला शेंगदाणा खाली पडला. "दीदी! अहो दीदी! उत्तरपत्रिका नुसती वाचायची असते! त्यात लिहायला सक्त मनाई आहे!"

"वाचतेच आहे," मी म्हटलं आणि टोपण काढलं.